पाचवा चौकोन

मी टेबलावरचा माणूस.
निळं पेन, लाल पेन, तीन कार्बन,
आणि कागद उडू नये म्हणून
दोन टाकीच्या भंगारातलं एक जड बेअरिंग.
खेळाचं मला कुणी विचारू नये.
मान वर करायला फुरसत कुठे?
इलियास तुंगेकर मी पाहिला
तो बहुतेक सगळा कागदावरच.

सात नंबर.
बास्केट झाली की तिरकी रेघ,
फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका,
तीनची असेल तर नंबराभोवती गोल.
एका हिवाळ्यात माझे सगळे गोल
त्याच्याच सातांभोवती.
पोरं म्हणायची, हा बॉल टाकत नाही, ठेवतो,
उंच फळीवर लोणच्याची बरणी ठेवावी तसा.
मला एवढंच ठाऊक, की आवाज यायचा नाही
आणि शेजारच्या टाइमकीपरला विचारावं लागायचं,
गेला का?

कस्टमने उचलला, खेळाडूंच्या कोट्यातून.
दिवसा बॅलार्ड पिअरला हवालदार,
संध्याकाळी नागपाड्याच्या सिमेंटवर गुडघे.
एक मोसम दुबईच्या क्लबाने पैसे मोजून नेला;
तिथले कागद माझ्या हातचे नव्हेत,
त्याबद्दल मी बोलणार नाही.
परतला तेव्हा आईसाठी शिलाई मशीन होतं
आणि डाव्या गुडघ्याला पट्टा.

मग ती फायनल.
हॅलोजन, गच्च्यांवर माणसं, भिंतीवर माणसं.
शेवटची चार मिनिटं, दोन गुणांनी मागे.
पंचांनी हात दाखवला. एक पूर्ण पंजा,
आणि दुसऱ्या हाताची बोटं दोन, की चार?
मधून कुणाचं तरी डोकं गेलं.
मी सातच्या ओळीतला पाचवा चौकोन भरला.

फाउल नऊचा होता.
शाई वाळायच्या आत कळलं मला.
चूक सुधारता येते,
पंचांना बोलवायचं, सांगायचं, खोडायचं.
पेन जागचं हललं नाही.
इलियासने हात वर केला,
तेव्हा तसा नियमच होता,
आणि बाकावर जाऊन टॉवेल तोंडावर घेतला.
हरले. एका गुणाने.
उरलेले चौकोन मी पट्टी लावून बंद केले.

गुडघा गेला, नोकरी राहिली.
आता त्याचं नाव यादीच्या तळाशी असतं, प्रशिक्षक,
जिथे नंबराला जागाच नाही.
सामन्याआधी येतो, चष्मा शर्टाला पुसतो,
पहिल्या पाच जणींसमोर फुल्या मारतो.
चार झटकन.
पाचवीला पेन थांबतं,
आणि बाकावरची प्रत्येक पोरगी
माझ्या टेबलाकडे बघत नसल्यासारखं करते.

परवा महेकचा पाचवा फाउल झाला.
टेबलापर्यंत आली भांडत, काका, नीट बघा!
मी बोट ठेवून एकेक दाखवला. पाच.
बोट थरथरत होतं.
तो लांबूनच म्हणाला,
"हात वर कर आणि ये इकडे."

रात्री कोर्टाला कुलूप लागताना सांगून टाकलं.
सव्वीस वर्षं झाली. तो फाउल नऊचा होता.
तो जाळीत बॉल भरत होता, थांबला नाही.
"माहीत आहे. नऊ म्हणजे सुलेमान.
अजून ईदला शेवया पाठवतो बिचारा."
"मग बोलला का नाहीस?"
"गुडघा त्याआधीच गेला होता, पेडणेकर.
बदली मागायची लाज वाटत होती.
तुम्ही सुट्टी दिलीत."

खरं असेल.
माझं मन राखायलाही म्हणाला असेल.
कागदावर त्याला रकाना नाही.

बारा बॉलची जाळी त्याने खांद्यावर टाकली,
पायरीवर आधी उजवा पाय ठेवला, मग डावा,
आणि विचारलं, उद्या सातला याल ना?
लहान पोरींची निवड आहे.
कुणीतरी लिहायला हवं.